होजियरीची दुमड का उसवते? घरच्या फ्लॅटलॉक मशीनची ओळख

आपल्या मोहल्ल्यात घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींकडे येणारे काम गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी सलवार-कमीज, ब्लाउज, परकर, शाळेचा गणवेश एवढेच असायचे. आता जर्सीचा हिजाब येतो, ताणणाऱ्या कापडाचा अबाया येतो, लेगिंग, मुलांच्या ट्रॅक पँट, पीटीचे टी-शर्ट, मोहल्ल्याच्या क्रिकेट टीमच्या जर्सी येतात. ईदच्या आधी तर रांग लागते. आणि ईद झाल्यावर तक्रार येते: "आपा, खालची शिलाई एका धुण्यात तुटली." काम करणारीचा हात चांगला असतो, धागाही चांगला असतो. तरी शिलाई तुटते. मग कोणीतरी सांगते, यासाठी वेगळी मशीन लागते, फ्लॅटलॉक घे. दुकानात गेले की दुकानदार ओव्हरलॉक दाखवतो, कोणी जुनी कारखान्याची मशीन दाखवतो, आणि पैसे देऊन झाल्यावर कळते की आपल्याला हवे होते ते हे नव्हतेच.

मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत शिवते. पालक भगिनी याबद्दल इतक्या वेळा विचारतात की एकदा सगळे नीट लिहून टाकावे म्हटले.

आधी कापड समजून घेऊ

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या माणसाला ताना-बाना शिकवायची गरज नाही. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांत अडकतात, त्यामुळे ते कापड सरळ ओढले तर फारसे ताणत नाही. होजियरीचे कापड तसे नसते. ते स्वेटरसारखे फासाफासाने तयार होते, फक्त फास इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. ओढले की प्रत्येक फास लांबतो, सोडले की परत आखडतो. म्हणून टी-शर्ट डोक्यातून सहज जातो.

आता आपल्या घरच्या साध्या मशीनची शिलाई पाहा. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकून जवळजवळ सरळ रेषेत पडतात. त्यांच्यात सैलपणा नसतो. कापड ताणले, धागा ताणला नाही, मग तुटणार कोण? धागाच. बाही कोपरावर चढवताना किंवा टी-शर्ट कमरेवरून खाली ओढताना 'कट' असा आवाज येतो तो हाच.

अंगातला विकत घेतलेला टी-शर्ट उलटा करून खालची दुमड बघा. वरून दोन सरळ समांतर शिलाया दिसतात आणि आतून त्या दोघींच्या मधे जाळीसारखा धागा नागमोडी फिरलेला दिसतो. हा नागमोडी धागाच सगळी करामत करतो. कापड ताणले की तो उघडतो, सोडले की मिटतो. शिवाय कापडाची कापलेली कड तो झाकून टाकतो. इंग्रजीत या शिलाईला कव्हरस्टिच म्हणतात. आपल्याकडच्या बाजारात मात्र तिला आणि तिच्या मशीनला सरसकट फ्लॅटलॉक म्हणतात. कारखान्याच्या भाषेत काटेकोर फ्लॅटलॉक ही खरे तर दोन तुकडे कडेला कड लावून जोडण्याची वेगळी शिलाई आहे, पण दुकानात तो वाद घालू नका, फ्लॅटलॉकच मागा. आयएसओ ४९१५ या शिलायांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन सुया आणि एक लूपर असलेल्या या शिलाईचा क्रमांक ४०६ आहे. तिरुपूरहून येणारा बनियन असो की लुधियानाचा ट्रॅक सूट, दुमडीवर बहुतेक वेळा हीच शिलाई सापडेल.

या मशीनला बॉबिन नसते. खाली लूपर नावाचा वाकडा दांडा असतो, तो कोनवरून थेट येणारा धागा घेऊन दोन्ही सुयांच्या फासांतून जातो. म्हणजे मुळात हा साखळी टाका आहे. साखळी टाका काही नवा नाही. फ्रान्सच्या बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये ज्या मशीनचे पेटंट घेतले तिचा टाका साखळीचाच होता. एलियास होवचे बंद टाक्याचे अमेरिकन पेटंट त्यानंतरचे, १८४६ चे. साखळी टाक्याचा गुण आणि दोष दोन्ही आपण घरात रोज बघतो. तांदळाच्या गोणीच्या तोंडाची शिलाई आठवा. बरोबर टोक सापडले की एका ओढीत सगळी शिलाई सर्रकन निघते, चुकीच्या टोकाने ओढली तर जन्मभर निघत नाही. फ्लॅटलॉकचेही तसेच आहे. सुरुवातीच्या टोकाकडून ती सहसा उसवत नाही, पण जिथे शिलाई संपली तिथे नीट बंद केली नाही तर लूपरचा धागा ओढला जाऊन सगळी दुमड सुटते. नव्या मशीनवर शिवलेल्या मालाबद्दल ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच इथल्याच असतात. उपाय पुढे सांगते.

ओव्हरलॉक वेगळी, फ्लॅटलॉक वेगळी

हा गोंधळ सर्वांत जास्त पैसे बुडवतो. ओव्हरलॉकला सुरी असते. ती कड कापते, त्याच वेळी कडेभोवती धागा गुंडाळते आणि दोन तुकडे जोडते. खांदा, बाजू, बाही जोडायचे काम तिचे. फ्लॅटलॉकला सुरी नसते. ती दुमड शिवते, गळ्याच्या पट्टीवर वरून शिलाई मारते, इलॅस्टिक बसवते. बाजू जोडायला ती घेऊ नका. दोन्ही कामे करणाऱ्या एकत्र मशीनही मिळतात, पण प्रत्येक वेळी एका कामातून दुसऱ्या कामात जाताना सुया हलवायच्या, धागे बदलायचे, प्लेट बदलायची. दिवसाला दोन कपडे शिवणारीला चालेल. ऑर्डरचे काम करणारीला त्याचा वैताग येतो.

ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत त्यांनी आधी ओव्हरलॉक घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. ती होजियरीलाही लागते आणि सलवार-कमीजलाही. फ्लॅटलॉक फक्त ताणणाऱ्या कापडाचे काम नियमित येत असेल तरच.

आणि काम कधीमधीच येत असेल तर मशीन घेऊच नका, जुळी सुई घ्या. एका दांड्याला दोन सुया असलेली ही सुई झिगझॅग करणाऱ्या घरगुती मशीनला बसते. वर दोन रिळे लावायची, खाली बॉबिन एकच. वरून दोन शिलाया पडतात, आतून बॉबिनचा धागा नागमोडी जातो. फ्लॅटलॉकइतकी ती ताणत नाही, पण साध्या शिलाईपेक्षा खूप बरी. बॉबिनमध्ये फुगणारा नायलॉनचा धागा हाताने सैल भरला तर आणखी बरी. मात्र अम्मीच्या काळातल्या काळ्या सरळ शिलाईच्या मशीनवर जुळी सुई लावू नका. तिच्या प्लेटला एकच गोल भोक असते. दुसरी सुई प्लेटवर आपटून तुटते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

घरगुती की कारखान्याची?

घरगुती फ्लॅटलॉक टेबलावर बसते, उचलून कपाटात ठेवता येते, घरच्या प्लगवर चालते आणि मिनिटाला साधारण हजार टाके घालते. ब्रदर, जनोमे, ज्यूकी अशा कंपन्या ती बनवतात. तिची किंमत साध्या शिलाई मशीनच्या कित्येक पट असते आणि गावातला मिस्त्री ती उघडायला घाबरतो. कारखान्याची मशीन टेबल आणि मोटरसह येते, जागा अडवते, पण मिनिटाला पाच-सहा हजार टाके घालते, जाड सांध्यावर अडखळत नाही, आणि तिच्या सुया आणि सुटे भाग शिलाईच्या बाजारात सहज मिळतात. आता सर्वो मोटर लावली की ती घरच्या साध्या विजेवर चालते, आवाजही कमी करते आणि वेग हवा तितका कमी ठेवता येतो. जुन्या क्लच मोटरवर मात्र नवशिकीच्या हातून कापड पळते.

एक खोली, त्यातच मुलांचा अभ्यास, असे घर असेल तर घरगुती. रोज वीस-पंचवीस नग निघत असतील आणि पोटमाळा किंवा पडवी असेल तर कारखान्याची. बऱ्याच घरांत व्याजाचा हप्ता नको असतो, मग बायका बीसी लावून मशीन घेतात. तसे असेल तर आपला नंबर लागेपर्यंतचा वेळ जुळ्या सुईवर काम करून, ऑर्डर खरोखर किती येतात हे वहीत लिहून काढण्यात घालवा. तो हिशोब दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खरा असतो.

दुकानात जाताना आपलेच कापड घेऊन जा. पातळ जर्सी, जाड ट्रॅक पँटचे कापड, लायक्रा लेगिंगचे, असे तीन तुकडे, आणि प्रत्येकाला मधे एक ओव्हरलॉकचा सांधा घातलेला. दुकानदार नेहमी जाडसर, न ताणणाऱ्या कापडाच्या पट्टीवर शिवून दाखवतो. त्यावर कोणतीही मशीन छान चालते. आपल्या तुकड्याच्या सांध्यावरून मशीन टाके न सोडता गेली तर पुढे बोला. सुई कोणत्या क्रमांकाची लागते आणि ती तुमच्या गावात मिळते का, हेही तिथेच विचारा. काही घरगुती मशीनना साधी घरगुती सुई चालते, काहींना ईएल बाय ७०५ नावाची खास सुई लागते, कारखान्याच्या मशीनना बहुधा यूवाय १२८ ची. एकीची सुई दुसरीला चालत नाही.

सुई, धागा आणि ओवणे

होजियरीला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते. टोकदार सुई फास कापते. शिवताना दिसत नाही, पण चार धुण्यांनंतर शिलाईच्या कडेला बारीक भोके पडतात आणि ती जिन्यासारखी खाली उतरत जातात. पातळ जर्सीला ७५ किंवा ८० नंबर, जाड कापडाला ९०. बसवल्यावर दोन्ही सुयांची टोके एका पातळीत दिसत नाहीत. घाबरू नका, मशीनची रचनाच तशी आहे. फक्त सुई शेवटपर्यंत वर सरकवून स्क्रू आवळा. अर्ध्या मिलिमीटरने खाली राहिली तरी टाके सुटतात.

ओवताना आधी लूपर, मग सुया. फूट वर उचलून ओवा, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि धागा आत नीट बसतो. दोन्ही हातांनी धागा धरून चकत्यांमध्ये पुढे-मागे ओढून पाहा. रंग बदलताना सगळे पुन्हा ओवायची गरज नाही. जुना धागा कोनजवळ कापा, नव्याला गाठ मारा, हळूहळू ओढून घ्या. सुईच्या नेढ्याजवळ गाठ आली की कापून सुई हाताने ओवा.

धाग्याचा खर्च लोक धरत नाहीत आणि मग मजुरी कमी सांगतात. एक मीटर साध्या शिलाईला साधारण अडीच मीटर धागा जातो. फ्लॅटलॉकच्या एक मीटर शिलाईला सुमारे १८ मीटर जातो, त्यातला मोठा वाटा लूपरचा. एका मोठ्या टी-शर्टचा घेर आणि दोन बाह्या मिळून पावणेदोन मीटर धरले तर तीस मीटरच्या वर धागा फक्त दुमडीत गेला. लहान रिळांवर हे काम परवडत नाही, कोन घ्या. लूपरला रंग मिळताजुळता असला तरी पुरतो, वरून तो दिसत नाही. तिथे फुगणारा नायलॉन वापरला तर दुमड अंगाला मऊ लागते. त्याचे टेन्शन मात्र जवळजवळ शून्यावर आणा.

दुमड कशी शिवायची

सुती होजियरी कापण्याआधी धुवून घ्या, ती आटते. मग दुमड मोजून इस्त्री करा. खरी अडचण अशी की शिवताना कपडा सुलटा असतो आणि कापलेली कड खाली लपलेली असते. ती कड दोन सुयांच्या मधे, डाव्या सुईच्या जवळ यायला हवी, म्हणजे जाळी तिच्यावर चढते. दिसत नसलेली कड पकडायची कशी? दुमड अडीच सेंटीमीटर असेल तर डाव्या सुईपासून उजवीकडे अडीच सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त मोजा आणि मशीनच्या पाट्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा. कपड्याची घडी त्या पट्टीला टेकवत न्यायची. नजर सुईवर नको, पट्टीवर ठेवा. आतून कड थोडी बाहेर राहिली तर नंतर छोट्या कात्रीने छाटा.

कापड ओढू नका. ही साध्या मशीनची सवय मोडायला वेळ लागतो. मागून ओढले की सुई वाकते, लूपरला लागते, टाके सुटतात. कापड लाटेसारखे पसरत असेल तर हात लावायचा नाही, डिफरन्शियल फीडचे बटण फिरवायचे. मशीनच्या खालच्या दात्यांचे दोन संच असतात. आकडा १ वर दोन्ही सारखे चालतात. १.३ किंवा १.५ केला की पुढचे दाते जास्त कापड आत ढकलतात आणि लाट बसते. फुटाचा दाबही थोडा कमी करून बघा. उलट दोन शिलायांच्या मधे कापड उंचवट्यासारखे फुगत असेल तर लूपरचे टेन्शन जास्त आहे, ते सैल करा. तरी फुगले तर सुयांचेही थोडे सैल करा. हे सगळे त्याच कापडाच्या, त्याच दिशेने कापलेल्या, दुहेरी तुकड्यावर आधी करायचे. पातळ जर्सी आडवी जास्त ताणते, उभ्या तुकड्यावर जमलेले सेटिंग आडव्यावर फसते.

सुरुवात बाजूच्या सांध्यावर करू नका, त्याच्या दोन बोटे पुढून करा. गोल फिरून सांध्यावर आले की वेग बंद, हातचाक आपल्याकडे फिरवत एकेक टाका. सांध्यात चार-सहा थर एकत्र येतात, टाके तिथेच सुटतात. म्हणून दुमडताना सांध्याची आतली पट्टी घडीच्या जागी थोडी कापून वरची एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला वळवा. मग सांध्यावर रुमाल ठेवून छोट्या हातोडीने दोन-चार ठोके द्या. कारखान्यातही असे चपटे करतात, लाजायचे काही नाही.

आता शेवट. सुरुवातीच्या टाक्यांवर दोन सेंटीमीटर शिलाई चढवा आणि थांबा. हातचाकाने सुया अगदी वर आणा. फूट उचला. सुई आणि कापड यांच्यामधले दोन्ही धागे चिमट्याने पुढे ओढून चार बोटे लांब काढा आणि मधोमध कापा. मग कापड सरळ मागे सरकवा. लूपरचा धागा सुयांच्या धाग्यांची टोके स्वतःच खाली खेचून घेतो. लूपरचा धागा कापा, आतल्या बाजूला तिन्ही टोकांची गाठ मारा, सुईने टोके शिलाईखाली लपवा. कापडाबाहेर साखळी शिवत नेऊन कापायची ओव्हरलॉकची सवय इथे चालवू नका. बहुतेक घरगुती मशीनना कापडाशिवाय चालणे मानवत नाही, धागे लूपरभोवती गुंततात.

हिजाबसारखा सपाट तुकडा असेल तर कडेला त्याच कापडाची चिंधी टेकवून शिलाई तिच्यावर उतरवा, मग मधे कापून गाठ मारा. जर्सीची कड मागावरच्या कापडासारखी उसवत नाही, नुसती गुंडाळते, त्यामुळे काही ग्राहकांना न दुमडलेला हिजाबही चालतो. आधी विचारा, उगाच मेहनत नको.

बाहीसाठी एक सोपी युक्ती. बाही सपाट असतानाच दुमडून फ्लॅटलॉक मारा आणि नंतर बाजू ओव्हरलॉकने बंद करा. ओव्हरलॉकची शिलाई फ्लॅटलॉकच्या दोन्ही टोकांवरून जाते, त्यामुळे टोके आपोआप बंद होतात, गाठ मारायची कटकट नाही. लहान मुलांच्या कपड्यांची अरुंद बाही घरगुती मशीनवर गोल फिरत नाही, तिथे हाच मार्ग. सांधा दुमडीपाशी किंचित जाड दिसतो, एवढेच. पीटीच्या पन्नास टी-शर्टच्या ऑर्डरला कोणी ते बघत नाही. महाग अबायाच्या बाहीला मात्र गोलच शिवा.

टाके सुटायला लागले की लोक आधी टेन्शनची बटणे फिरवतात आणि सगळेच बिघडवून ठेवतात. आधी सुई बदला. मग पुन्हा ओवा. त्यानंतर फुटाचा दाब. टेन्शन सर्वांत शेवटी, आणि एका वेळी एकच बटण, तेही जुना आकडा कागदावर लिहून. प्रत्येक कापडाचे जमलेले आकडे आणि शिवलेला तुकडा वहीत पिनेने लावून ठेवा. पुढच्या वेळी तेच कापड आले की अर्धा तास वाचतो.

होजियरीचा भुसा खूप पडतो. आठवड्याला प्लेट उघडून ब्रशने काढा, फुंकर मारू नका, वाफेने आत ओल जाते. तेल फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी, शिलाई मशीनचेच, आणि तेल घातल्यावर पहिली दहा मिनिटे चिंधीवर चालवा. ईदचा पांढरा कपडा त्या वेळी मशीनजवळसुद्धा आणू नका.